एम.एस्सी.ला नंबर लागतोय, घरचं उत्पन्न वर्षाला ७२ हजार. पहिले सहा महिने कसे काढायचे?

शिवारफेरी

मावसबहिणीसाठी विचारतोय. हिंगोली जिल्हा, अनुसूचित जाती, बी.एस्सी. रसायनशास्त्र ७४ टक्के. वडील शेतमजूर, दीड एकर कोरडवाहू, उत्पन्नाचा दाखला ७२ हजारांचा. एम.एस्सी.साठी दोन पर्याय आहेत. एक पुण्यातलं महाविद्यालय, तिथे सेंद्रिय रसायनाची तुकडी विनाअनुदानित आहे. दुसरा छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचाच विभाग. शिष्यवृत्ती मिळते हे माहीत आहे, पण ती येते कधी आणि तोवर खायचं काय, हे कुणी नीट सांगत नाही. आजघडीला हातात १५ हजार आहेत. फी, राहणं, जेवण, सगळं धरून हिशेब कसा मांडायचा? कर्ज काढावं लागलं तर कुठून?

फाईलवाला

प्रश्न बरोबर जागी ठेवलात. एससीच्या मुलीला एम.एस्सी.साठी एकूण पैसा कमी पडत नाही, तो वेळेवर पडत नाही. खर्च जुलैपासून सुरू होतो आणि सरकारी पैसा बहुतेक वेळा जानेवारी ते मार्चमध्ये येतो, कधी त्याच्याही पुढे. त्यामुळे किती मिळेल यापेक्षा कुठल्या महिन्यात मिळेल यावर सगळं ठरवा.

आधी फी. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, तुम्ही आरामात बसता. यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि परत न मिळणारी बाकीची सक्तीची शुल्कं येतात. परत मिळणाऱ्या अनामत रकमा येत नाहीत. म्हणजे प्रयोगशाळेची अनामत, ग्रंथालयाची अनामत हे खिशातून. त्यासाठी दोन-तीन हजार वेगळे काढून ठेवा. याशिवाय निर्वाह भत्ता असतो, पण एम.ए., एम.एस्सी., एम.कॉम.साठी तो वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,००० आणि बाहेर राहणाऱ्याला ३,००० एवढाच. महिन्याला नव्हे, वर्षाला. पुष्कळ जण इथेच फसतात.

आता जिथे घोळ होतो ते. या योजनेत राज्याचा वाटा ४० टक्के, केंद्राचा ६०. राज्याने आपला वाटा दिल्यावरच केंद्राचा सुटतो आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्या रकमेत कॉलेजची फीसुद्धा असते. खात्यात अचानक २०-२५ हजार दिसले की घरी वाटतं शिष्यवृत्ती आली. बियाणं-खतं येतात, उधारी फिटते. मग दुसऱ्या वर्षी परीक्षा अर्जाच्या वेळी कॉलेज थकबाकी दाखवतं. पैसे आले की त्याच आठवड्यात कॉलेजच्या लेखा विभागात जाऊन फीचा भाग किती ते विचारायचं, भरायचा, पावती घ्यायची.

कागदांचं म्हणाल तर निकालाची वाट बघू नका. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर नव्याने काढा, मागच्या आर्थिक वर्षाचा. तलाठ्याचा अहवाल, रेशन कार्ड, स्वयंघोषणापत्र, आणि आपले सरकारवर अर्ज. सेवा हक्काची मुदत १५ दिवसांची आहे, पण जूनमध्ये सगळा तालुका रांगेत असतो, म्हणून एप्रिल-मेमध्येच उरका. दाखल्यात कुटुंबाचं उत्पन्न असलं पाहिजे. एकट्या मुलीच्या नावाने शून्य उत्पन्न दाखवून आणलेला दाखला समाजकल्याणच्या टेबलावरून परत येतो.

जात प्रमाणपत्र, अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावी-पदवीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, यांवरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं त्याने अडत नाही. वडिलांचं नाव एकीकडे 'विठ्ठल' आणि दुसरीकडे 'विठठल' असलं की अडतं. आधारला जो मोबाईल जोडलाय तो चालू हवा, महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं बरंच काम ओटीपीवर चालतं. बंद पडलेला नंबर असेल तर आधी आधार केंद्र गाठा.

आणि बँक खातं. पैसे तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी शेवटचं जोडलेल्या खात्यात जातात. सिमकार्ड घेताना दुकानदाराने पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि पैसे तिकडे जाऊन बसतात. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे. केवायसी अर्धवट असलेलं छोटं खातं असेल तर त्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि वर्षभरात एक लाखाच्या वर जमा होत नाही. ते आधीच साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे संपलं असं नाही. तो आधी कॉलेजच्या क्लार्क लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग सहायक आयुक्त समाजकल्याण. बहुतेक अर्ज पहिल्याच पायरीवर महिनोन्‌महिने पडून असतात. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघायचा. 'सेंड बॅक' आला तर कारण वाचून त्याच आठवड्यात दुरुस्त करायचा, नाहीतर मुदत संपली की तो आपोआप बाद होतो. खोलीवर राहणार असेल तर 'डे स्कॉलर' भरा. 'हॉस्टेलर' निवडून वसतिगृहाचा दाखला जोडला नाही, हे सेंड बॅकचं नेहमीचं कारण. आणि नेट कॅफेवाल्याने ठेवलेला पासवर्ड लगेच बदला. सप्टेंबरमध्ये त्याच्याकडे पाचशे अर्ज असतात, तुमचा कुठला हे त्याला आठवत नाही.

कॉटबेसिस

फीचं वर आलंच. राहण्या-जेवण्याचं सांगतो, कारण गरीब घरची पोरं फीमुळे कमी आणि मेसच्या बिलामुळे जास्त गळतात.

पुण्यात कॉट बेसिसवर (सामायिक खोलीत एक खाट) आजचा भाव साधारण ३,००० ते ४,०००, वर एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट. दोन वेळची मेस ३,००० ते ३,५००. बस, मोबाईल, झेरॉक्स, जर्नल, साबण-तेल धरून महिना ८,००० च्या खाली येत नाही. दहा महिन्यांचे ८०,०००. संभाजीनगरला हेच ५,५०० ते ६,००० मध्ये भागतं, म्हणजे ५५ ते ६० हजार.

त्यासमोर ठेवा स्वाधार योजना. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी ती आहे. पुण्यात वर्षाला ६०,००० (भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००). संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात ५१,००० (२८, १५ आणि ८ हजार). इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. शैक्षणिक साहित्यासाठी वर २,०००, वैद्यकीय-अभियांत्रिकीला ५,०००. मात्र मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतला निर्वाह भत्ता स्वाधारच्या रकमेतून वजा होतो. दोन्ही पूर्ण धरून बजेट केलं की ते तिथेच तुटतं.

आता वजाबाकी करा. पुण्यात २० हजारांच्या आसपास खड्डा राहतो, संभाजीनगरला ७-८ हजारांचा. शिवाय स्वाधारचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला येत नाहीत. हप्त्यांत येतात, हजेरीचा दाखला लागतो, ७५ टक्क्यांच्या खाली हजेरी गेली तर हप्ता अडकतो. म्हणजे पहिले सहा महिने स्वतःच्या जिवावर. पुण्यात डिपॉझिटसकट ते पन्नास हजारांच्या वर जातं, संभाजीनगरला चाळीसच्या आत बसतं. हातात १५ असताना हा फरक लहान नाही.

माझं मत विचाराल तर विद्यापीठाचा विभाग घ्या. विनाअनुदानित तुकडीची फी विभागापेक्षा कितीतरी जास्त असते. शिष्यवृत्तीतून ती भरली जाईलही, पण शिष्यवृत्ती रखडली तर थकबाकीचा आकडाही तेवढाच मोठा. विभागात ग्रंथालय, उपकरणं आणि विद्यापीठाचं वसतिगृह एकाच आवारात. पुण्याचं नाव मोठं आहे हे खरं, पण पुण्यातलं प्रत्येक कॉलेज म्हणजे पुणे विद्यापीठाचा विभाग नव्हे.

क्रम असा ठेवा: पहिलं शासकीय वसतिगृह, दुसरं विद्यापीठाचं, आणि ही दोन्ही हुकली तरच स्वाधार आणि खोली. शासकीय वसतिगृहात राहणं-जेवण फुकट आणि वर थोडा निर्वाह भत्ता, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांचा प्रश्नच मिटतो. वसतिगृह आणि स्वाधार दोन्हींचे अर्ज समाजकल्याणच्या एकाच ऑनलाइन पोर्टलवर होतात. मेरिटच्या याद्या लागत राहतात, पहिल्या यादीत नाव नाही म्हणून पोर्टल बघायचं सोडू नका.

स्वाधारसाठी भाडेकरार लागतो. कॉट बेसिसचा घरमालक तो द्यायला तयार नसतो, त्याला वाटतं पोरगी कब्जा करेल नाहीतर कर लागेल. खोली ठरवतानाच, डिपॉझिट द्यायच्या आधी, "भाडेकरार लागेल" हे सांगा. नंतर सांगितलं की तो पाचशे-हजार मागतो नाहीतर सरळ नाही म्हणतो. आपण त्या शहराचे रहिवासी नाही याचं शपथपत्रही लागतं. आदल्या परीक्षेत किमान ५० टक्के गुणांची अट आहे, तुमची बहीण त्यात बसतेच.

मेसबद्दल एक. महिन्याच्या ठरावात 'खाडा' धरतात का ते आधी विचारा. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस गैरहजर असलात तरच पैसे वळते होतात. दिवाळीत घरी जाताना एकदम पंधरा दिवसांचा खाडा लिहून दिला तर महिन्याचं निम्मं बिल वाचतं. तोंडी सांगितलेला खाडा वहीत लागत नाही.

पुणंच ठरलं तर विद्यार्थी सहाय्यक समितीत चौकशी करा. १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना कमी शुल्कात निवास-भोजन देणारी संस्था आहे. पदव्युत्तरसाठी यंदा जागा आहेत का एवढं आधी विचारा, मुलाखतीच्या तारखा चुकवू नका. आणि बहुतेक विद्यापीठांत 'कमवा आणि शिका' असतं, ग्रंथालय, कार्यालय, बाग असली कामं, तासावर पैसे. त्याला मर्यादा असते, त्यातून मेसचं बिल पूर्ण निघत नाही, पण निम्म्याला हातभार लागतो. रसायनवाल्यांची अडचण ही की प्रॅक्टिकल्स दुपारभर चालतात. त्यामुळे सकाळी ग्रंथालयाची पाळी मागा, ती लवकर भरते, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच द्या.

शिवारफेरी

दोघांचेही आभार. संभाजीनगरचं मनात पक्कं होत चाललंय. वसतिगृह नाही मिळालं तर पहिल्या सहा महिन्यांसाठी शैक्षणिक कर्ज काढावं का? वडिलांचं पीककर्ज थकीत आहे. गावात बचत गटाच्या कर्जवाल्या कंपनीचा माणूस ४० हजार लगेच देतो म्हणतोय.

कर्जखाते

त्या माणसाला नको म्हणा. आठवड्याचा हप्ता पुढच्याच आठवड्यापासून सुरू होतो, व्याज वीस-चोवीस टक्क्यांच्या घरात जातं आणि एक हप्ता चुकला की गटातल्या बायका आईच्या दारात. शिक्षणाला असलं कर्ज नाही चालत, कारण शिक्षणातून आठवड्याला पैसे येत नाहीत.

बँकेचं शैक्षणिक कर्ज वेगळं. अभ्यासक्रम आणि वर एक वर्ष हप्ता नाही. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत तारण किंवा जामीनदार मागायची गरज नाही, कारण त्यावर सरकारी पतहमी योजनेचं छत्र असतं. तरी शाखेत "सातबारा आणा, जामीनदार आणा" म्हणतात. तेव्हा पतहमी योजनेचं नाव घेऊन विचारा. फी, वसतिगृह, पुस्तकं, प्रयोगशाळा, प्रवास हे सगळं कर्जात धरता येतं. शिष्यवृत्तीतून फी सुटत असेल तर कर्ज फक्त राहण्या-जेवणापुरतं मागा आणि अर्जात तसं लिहा. विद्यापीठाकडून खर्चाचं पत्रक घ्या आणि त्यात वसतिगृह-भोजनाची ओळ असू द्या. ती नसली की शाखा फक्त फीएवढं मंजूर करते, आणि तुम्हाला नेमकी फीच नको असते.

थकीत पीककर्ज ही खरी अडचण. सहकर्जदार म्हणून वडिलांचं नाव टाकलं की त्यांचा सिबिल अहवाल (कर्जफेडीचा इतिहास) निघतो आणि फाईल तिथेच थांबते. आईच्या नावावर कर्ज नसेल तर आईला सहकर्जदार करा. आईचं पॅन कार्ड नसेल तर आजच अर्ज टाका, त्यावाचून आठवडा वाया जातो. अर्ज गावाजवळच्या शाखेतच करायचा असं नाही, "तुम्ही आमच्या क्षेत्रात येत नाही" हे शैक्षणिक कर्ज नाकारायचं कारण होऊ शकत नाही. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून केला की त्याची तारीखवार नोंद राहते. शाखेत तोंडी नकार मिळाला तर लेखी मागा. लेखी म्हटलं की निम्म्या वेळा फाईल पुढे सरकते.

व्याजाचं गणित. समजा १० टक्क्यांनी दोन लाख घेतले, पहिल्या वर्षी एक आणि दुसऱ्या वर्षी एक. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक धरून सरळ व्याज ५० हजार होतं (पहिल्या लाखाचं तीन वर्षांचं ३०, दुसऱ्याचं दोन वर्षांचं २०). पुढे अडीच लाख पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना ५,३०० च्या आसपास. एम.एस्सी. झाल्यावर औषध कंपनीत सुरुवातीच्या पगारात हा हप्ता जड जातो पण निघतो. नेट-सेटचा अभ्यास घरी बसून करायचा बेत असेल तर निघत नाही, हे आधीच मनात धरा. तुमच्या बाबतीत मंजुरी एक लाखाची घ्या आणि उचल ३०-४० हजारांचीच करा. व्याज उचललेल्या रकमेवर लागतं, मंजूर रकमेवर नाही. स्वाधारचा हप्ता आला की परत भरा, मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो.

व्याज सवलतीच्या दोन योजनांचा फार गोंधळ असतो. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना हप्ता नसलेल्या काळातलं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं, ते तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. साधी एम.ए., एम.एस्सी. त्यात बसत नाही, बसेल असं कुणी सांगितलं तर शाखेकडून लिहून घ्या. दुसरी पीएम-विद्यालक्ष्मी, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. पण ती ठरावीक संस्थांनाच, म्हणजे एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात असलेल्या, १०१ ते २०० मधल्या राज्य सरकारी आणि केंद्र सरकारच्या सर्व. यादी दरवर्षी बदलते, त्यामुळे आपलं विद्यापीठ यंदाच्या यादीत आहे का हे पोर्टलवर बघून मगच बोला. शिक्षण अर्धवट सोडलं की सवलत जाते.

घाटमाथा

मधेच विचारतो. माझं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) प्रमाणपत्र आहे, उत्पन्न दोन लाख दहा हजार, एमबीए सीईटी दिलीय. वरचं काहीच मला लागू नाही का?

फाईलवाला

लागू होणारं वेगळं आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न मर्यादा आठ लाख. मुलांना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची निम्मी रक्कम. मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी जुलै २०२४ च्या निर्णयापासून पूर्ण. अट एकच, पण कडक: प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोटा किंवा संस्था स्तरावरची जागा घेतलीत तर एक रुपया मिळत नाही. खासगी आणि अभिमत विद्यापीठंही बाहेर. समुपदेशनाच्या नावाखाली बसलेले लोक "आमच्याकडे पण स्कॉलरशिप आहे" म्हणून अभिमत विद्यापीठात नेऊन बसवतात. ती त्यांची स्वतःची सवलत असते आणि दुसऱ्या वर्षी गुणांच्या अटीवर निघून जाते. या योजनेत एका कुटुंबातल्या दोनच मुलांना लाभ आहे, मोठ्या दोघांनी घेतला असेल तर धाकट्याचा अर्ज अडतो.

राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. वडील अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर जास्त दर मिळतो, त्यासाठी तहसीलचा अल्पभूधारक दाखला आताच काढा. उत्पन्नाच्या दाखल्याने ते काम होत नाही. अर्ज महाडीबीटीवरच. आणि एमबीए व्यावसायिक असल्यामुळे वर सांगितलेल्या साडेचार लाखांच्या पूर्ण व्याज सवलतीत तुम्ही बसता, कॉलेज नॅक किंवा एनबीए मानांकित असेल तर. मूळ प्रश्नकर्त्याला जे मिळत नाही ते तुम्हाला मिळतं, हा त्यातला विरोधाभास.

क्षपणक

रसायनवाल्या ताईसाठी दोन गोष्टी सुटल्यात.

यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. महिना १५,०००, वर्षाचे दहा महिने, दोन वर्षं, देशभरात १०,००० जणांना. उत्पन्नाची अट नाही, पदवीच्या गुणांवर निवड, ३० टक्के जागा मुलींसाठी. पहिल्या वर्षाला नियमित, पूर्णवेळ प्रवेश हवा आणि वय तिशीच्या आत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, महाडीबीटीवर नव्हे. तिथे आधी एकदाच करायची नोंदणी असते, चेहरा दाखवून आधार पडताळणी होते, साध्या मोबाईलवर अ‍ॅप अडतं तेव्हा दुसऱ्याचा चांगला फोन घ्या. ७४ टक्क्यांवर मिळेलच असं नाही, स्पर्धा मोठी आहे, पण अर्जाला पैसे लागत नाहीत. लागली तर वर्षाला दीड लाख. ही आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती एकत्र घेता येत नाही, पण निवड होईपर्यंत मॅट्रिकोत्तरचा अर्ज मागे घेऊ नका. अर्ज विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्याने मुदतीत पडताळला नाही तर बाद. त्या अधिकाऱ्याचं टेबल कुठल्या इमारतीत आहे हे पहिल्या आठवड्यात शोधून ठेवा, कुलसचिव कार्यालयातल्या निम्म्या लोकांना ते माहीत नसतं.

दुसरं, पुढच्या वर्षाचा विचार करणाऱ्यांसाठी. इंटिग्रेटेड पीएच.डी. (एम.एस्सी. आणि पीएच.डी. सलग) हा प्रकार आपल्याकडच्या बी.एस्सी.वाल्यांना कुणी सांगतच नाही. बंगळुरूची आयआयएससी, टीआयएफआर, पुण्याची आयसर अशा संशोधन संस्थांत बी.एस्सी.नंतर थेट प्रवेश आणि पहिल्या वर्षापासून दरमहा विद्यावेतन. यातल्या बऱ्याच ठिकाणी लागणारी जॅम ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज आदल्या सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतात. एम.एस्सी. पहिल्या वर्षात राहूनही देता येते. एम.टेक.वाल्यांसाठी गेट परीक्षेत पात्र असतील तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेचे महिना १२,४०० आहेत, २४ महिने. त्यात जनधन खातं चालत नाही, साधं बचत खातंच लागतं.

शिवारफेरी

शेवटचं. विभागाच्या कार्यालयातून फोनवर सांगितलं की "आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ." खरं आहे का?

फाईलवाला

मॅट्रिकोत्तरला पात्र असलेल्या एससी विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी फी घेऊ नये, अशा शासनाच्या सूचना आहेत. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत यासाठीच फ्रीशिप कार्डाची (आगाऊ फी न भरता प्रवेश मिळवून देणारं कार्ड) तरतूद आहे. पण फोनवर वाद घालून उपयोग नाही. असं करा. विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लिहा: अनुसूचित जाती, उत्पन्न ७२ हजार, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र, सबब शुल्क न घेता प्रवेश द्यावा, शिष्यवृत्तीची रक्कम खात्यात येताच शुल्क भरीन. सोबत जात प्रमाणपत्र आणि उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का मागितला की कार्यालयातल्या बाई वर बघतात आणि बहुतेक वेळा तिथेच "अनामत तेवढी भरा" वर येतं.

नाहीच ऐकलं तर विद्यापीठातलं समान संधी केंद्र किंवा विद्यार्थी विकास विभाग, आणि तिथेही नाही तर जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयात तीच शिक्क्याची प्रत घेऊन जा. तालुक्याला बार्टी या राज्य सरकारच्या संशोधन-प्रशिक्षण संस्थेचे समतादूत असतात, ते असल्या अर्जाला मदत करतात, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

प्रवेशाची मुदत संपत आली असेल तर जागा जाऊ देऊ नका. पहिला हप्ता भरायची परवानगी लेखी मागा आणि तेवढाच भरा, पावतीवर 'शिष्यवृत्तीच्या अधीन' असं लिहून घ्या. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला पडताळणी झाली की परत घ्या, ठेवून घ्यायचा अधिकार त्यांना नाही. विद्यापीठ बदलताना मात्र स्थलांतर प्रमाणपत्र मूळ द्यावं लागतं. त्याच्या दोन झेरॉक्स आधीच काढा आणि नांदेड विद्यापीठाची पदवी असेल तर ते प्रमाणपत्र आजच मागवा. या सगळ्यात वेळ खाणारा कागद तोच आहे.